गाडी विकली, पण आरसीवर नाव अजून तुमचंच आहे?

गाडी विकून अकरा महिने झाले होते. पैसे खात्यात जमा, दोन्ही किल्ल्या समोरच्याच्या हातात, विषय संपलेला. एका संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला, सिग्नल तोडल्याचं ई-चलन. नंबर माझ्या जुन्या गाडीचा, नाव माझं. फोटोत मात्र मागच्या काचेवर मी कधीच न लावलेलं स्टिकर दिसत होतं.

ते नाव उतरवायला पुढे साडेतीन महिने गेले. त्यातले निदान दोन महिने मी स्वतःच्या अज्ञानामुळे घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. यातलं बरंचसं महाराष्ट्रातल्या आरटीओच्या अनुभवावरचं आहे. कायदा आणि फॉर्म देशभर तेच आहेत, खिडक्या आणि त्यांच्या वेळा तेवढ्या बदलतील.

पायऱ्यांकडे जाण्याआधी हे एवढं डोक्यात पक्कं करा. मोटार वाहन कायदा 1988 नुसार गाडीचा मालक म्हणजे जिच्या नावावर नोंदणी आहे ती व्यक्ती. पैसे कोणी दिले, गाडी कोणाच्या दारात उभी असते, स्टॅम्प पेपरवर काय लिहिलंय, हे सगळं नंतर. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 ला 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालात हेच स्पष्ट केलं. त्या प्रकरणात मूळ मालकाने 2007 मध्येच गाडी विकली होती. ती पुढे आणखी काही हातांतून गेली आणि 2009 मध्ये तिच्याखाली एका मुलाचा जीव गेला. गाडीला विमा नव्हता. आरसीवर नाव अजून पहिल्याच माणसाचं होतं, आणि भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच आली.

दुसरी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला जबाबदार धरलं जातं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. 'मालक' कोण, ते वर आलंच आहे.

1. आधी नाव नक्की कोणाचं आहे ते बघा

परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर मोबाइल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकून, मधे फुल्या घालून दिसतं. पण स्वतःचं नाव ओळखायला दोन-चार अक्षरं पुरतात. तिथेच आणखी तीन गोष्टी टिपून ठेवा: विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी चालू आहे का, आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं नाव अजून दिसतंय का. ही शेवटची गोष्ट मी पहिल्या दिवशी बघितली असती तर दोन महिने वाचले असते. का, ते पाचव्या पायरीत.

पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

2. घरातले कागद एका फाइलमध्ये आणा

- ताबा पावती (डिलिव्हरी नोट): गाडी कोणाला, कोणत्या तारखेला आणि किती वाजता दिली ते लिहिलेली, दोघांच्या सह्यांची
- पैसे मिळाल्याचा पुरावा: बँक स्टेटमेंटमधली ती ओळ
- खरेदीदाराच्या आधार आणि पॅनच्या प्रती
- आरसी आणि विमा पॉलिसीच्या प्रती (मूळ कागद गाडीबरोबर गेलेले असतात)
- सही केलेल्या फॉर्म 29 (हस्तांतरणाची सूचना) आणि फॉर्म 30 (नावबदलाचा अर्ज) यांच्या प्रती, काढल्या असतील तर
- कर्ज असल्यास बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्यासाठीचा)
- खरेदीदाराशी आणि एजंटशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं

ताबा पावती केलीच नसेल तर हात वर करू नका. बँकेतला व्यवहार, गाडी घेऊन जातानाचा फोटो, 'पोचलो' असा मेसेज, हे सगळं मिळून तारीख सिद्ध व्हायला मदत होते. माझ्याकडे पावती होती, पण वेळ लिहिलेली नव्हती. वेळ कशाला हवी असं वाटतं खरं. त्याच दिवशी काही घडलं तर सकाळी गाडी तुमची होती की दुपारी त्याची, हा प्रश्न तिथे सुटतो.

चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा. फोन बदलताना नेमकी हीच गोष्ट हरवते.

3. खरेदीदाराला गाठा, पण भांडायला नको

पहिला फोन मी फार तावातावाने केला. माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, मी ती गाडी सहा महिन्यांपूर्वीच दिली." म्हणजे माझ्या सहीच्या टीटीओ फॉर्मवर (मालकी हस्तांतरणाचे फॉर्म 29 आणि 30) गाडी पुढच्या हातात गेली होती. फॉर्मवर खरेदीदाराचं नाव आणि तारीख मी कोरीच सोडली होती. एजंट म्हणाला होता, "ते आम्ही भरू." बाजारात याला 'ओपन' सही म्हणतात आणि जुन्या गाड्यांचा निम्मा धंदा त्यावरच चालतो, असं माझं मत झालंय. मधला माणूस स्वतःच्या नावावर गाडी चढवत नाही, म्हणजे त्याचा खर्च वाचतो आणि आरसीवर एक मालकही वाढत नाही.

तिसऱ्या माणसाचा पत्ता लागला तो एका चुकीमुळे. फास्टॅग बंद करायचा मी विसरलो होतो. टोल कापल्याचे मेसेज मला येत होते आणि 'तीस-चाळीस रुपयांसाठी कोण फोन करत बसेल' म्हणून मी ते सोडून दिले होते. ते मेसेज ओळीने लावल्यावर गाडी दर शनिवारी कोणत्या रस्त्याने जाते ते समजलं. तेवढ्या धाग्यावर मधल्या माणसाने अखेर नाव सांगितलं.

तिसरा गृहस्थ अगदी सरळ निघाला. त्याने पूर्ण पैसे दिले होते, नाव होत नाही म्हणून तोही एजंटच्या मागे लागला होता. अशा वेळी समोरच्याला चोर ठरवून बोलायला लागलात तर त्याचा फोन बंद होतो आणि नुकसान तुमचंच होतं. पहिला निरोप लेखी आणि थोडक्यात द्या: गाडीचा नंबर, विक्रीची तारीख, आलेली चलनं, आणि नाव करून घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत.

4. तुमच्या वाट्याचं काम वेगळं आहे: फॉर्म 29

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. नाव करून घेणं हे खरेदीदाराचं काम, असं आपण धरून चालतो. कलम 50 मध्ये दोघांची कामं वेगवेगळी लिहिली आहेत. गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत आरटीओला हस्तांतरणाची सूचना द्यायची, ती फॉर्म 29 मध्ये. खरेदीदाराने 30 दिवसांच्या आत नाव बदलायचा अर्ज करायचा, तो फॉर्म 30. आपण 29 वर सही करून तो खरेदीदाराच्याच हातात देतो आणि दोन्ही कामं त्याच्या मर्जीवर सोडतो.

फॉर्म 29 दोन प्रतींत करायचा असतो. नोंद झाल्यावर त्यातली एक प्रत आरटीओच्या शेऱ्यासह विकणाऱ्याला परत मिळायची असते, फॉर्मच्या डोक्यावरच तसं छापलेलं आहे. मला ती मिळाली नव्हती आणि मी कधी मागितलीही नव्हती.

मुदत उलटून गेली असली तरी द्या. उशिराबद्दल किरकोळ दंड होऊ शकतो, पण कागद दाखल झालेला असणं त्याहून कितीतरी मोलाचं. सूचना द्यायची ती ज्या आरटीओच्या हद्दीत नाव चढणार आहे तिथे. मी एक प्रत मूळ नोंदणीच्या आरटीओलाही दिली. समक्ष गेलात तर आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जाता येत नसेल तर स्पीड पोस्टने पोच मागवून पाठवा.

ही सूचना आणि नावबदलाचा अर्ज, दोन्ही आधार पडताळणीने ऑनलाइनही करता येतात. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. ऑनलाइन प्रक्रियेत विकणाऱ्याकडेही ओटीपी येतो. आणि इथेच सापळा आहे. एजंट फोन करून घाईघाईत ओटीपी मागतो. आधी अर्जाचा क्रमांक आणि खरेदीदाराचं नाव मागा, पोर्टलवर खात्री करा, मगच ओटीपी द्या.

फॉर्म 29 दिला म्हणजे मालकी गेली असं मात्र नाही. आरसीवर नवं नाव चढेपर्यंत तुम्ही नोंदणीकृत मालकच असता. पण तुम्ही तुमचं कर्तव्य केलं, कधी केलं आणि गाडी कोणाकडे आहे हे कळवलं, याचा सरकारी शिक्का हातात राहतो.

5. नाव होत का नाही, ते शोधा

तिसऱ्या गृहस्थाचा अर्ज खरंच अडकला होता, आणि तो माझ्यामुळे. मी गाडीचं कर्ज तीन वर्षांपूर्वी फेडलं होतं. बँकेने ना-हरकत पत्र दिलं, मी ते कपाटात ठेवलं आणि आपण मोकळे झालो असं समजलो. पण आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, असा आपोआप उतरलेला नव्हता. त्यासाठी बँकेच्या आणि मालकाच्या सहीचा फॉर्म 35 आरटीओत द्यावा लागतो. खरेदीदाराला हे काम माझ्याशिवाय करता येणारच नव्हतं. शिवाय माझ्या पत्रावर तीन महिन्यांची मुदत छापलेली होती, ती केव्हाच संपलेली. बँकेच्या शाखेत चार चकरा मारून नवं पत्र मिळवलं, बोजा उतरवला, आणि पुढचं काम सरकलं. इतके दिवस मी ज्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, त्याचा खरं तर खोळंबा मीच केला होता.

बाकीची कारणं भराभर सांगतो. थकलेली चलनं असतील तर अर्ज अडतो. विमा किंवा पीयूसी संपलेलं असेल तरी अडतो. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते. ती संपली असेल तर आधी नूतनीकरण, मग नाव. आणि गाडी दुसऱ्या राज्यात गेली असेल तर मूळ आरटीओची एनओसी लागते, फॉर्म 28 वर, चासी नंबरच्या पेन्सिल प्रिंटसह. ही एनओसी निघालेली नसताना समोरचा 'आमच्याकडे काम चालू आहे' म्हणत असेल, तर काम चालू नाही.

गाडी ज्यांच्या नावावर होती ते वारले असतील तर मात्र रस्ताच वेगळा. आधी फॉर्म 31 ने वारसाचं नाव लावून घ्यायचं, विक्री त्यानंतर. वडिलांच्या जुन्या सहीचे फॉर्म वापरून 'जमवून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

6. विमा बंद करायची घाई करू नका

गाडी विकल्यावर पॉलिसी रद्द करून उरलेले पैसे परत मिळवा, असा सल्ला बरेच जण देतात. गाडी तुमच्या नावावर असेपर्यंत तो ऐकू नका. 2018 च्या त्या निकालात माणूस अडचणीत आला, त्याचं अर्धं कारण नाव होतं आणि अर्धं कारण विमा नसणं.

कलम 157 प्रमाणे गाडीबरोबर पॉलिसीही नव्या मालकाकडे गेली असं धरलं जातं, आणि त्याने 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. हे संरक्षण तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा, पॉलिसी नावावर केली नसेल तर, नव्या मालकाला मिळत नाही. ही गोष्ट त्याला सांगून बघा. माझ्या बाबतीत कायद्याच्या धाकापेक्षा हे एक वाक्य जास्त लागू पडलं.

आता अवघड प्रश्न. नाव तुमचं, गाडी दुसऱ्याकडे, आणि पॉलिसी पुढच्या महिन्यात संपते आहे. मी काय केलं? समोरच्याला आठवण दिली, त्याने टाळाटाळ केली, तेव्हा फक्त थर्ड पार्टी पॉलिसी मी माझ्या पैशाने काढली. दुसऱ्याच्या गाडीचा हप्ता आपण भरायचा म्हणून घरात बोलणी खाल्ली. पण अपघाताची भरपाई लाखांत जाते आणि हा हप्ता काही हजारांत होता. हिशेब मला पटला होता, आजही पटतो.

नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो गाडीबरोबर जात नाही. विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतलीत तर हप्त्यातल्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

7. फास्टॅग बंद करा

ज्या बँकेचा टॅग आहे तिच्या ॲपवरून किंवा ग्राहक सेवेकडून तो बंद करून घ्या. त्याआधी टोलच्या नोंदींची यादी डाउनलोड करून ठेवा. माझ्या किती कामी आली ते वर सांगितलंच.

8. चलन किंवा नोटीस आली तर गप्प बसू नका

महाराष्ट्रातल्या ई-चलनावर वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ताबा पावती आणि आवक क्रमांक असलेला फॉर्म 29 जोडा. मी तीन चलनांवर तक्रार केली आणि दोन छोटी सरळ भरून टाकली, कारण त्यामुळे नाव अडलं होतं. ती रक्कम नंतर गृहस्थाने परत केली. तत्त्वासाठी अडून बसायची ही जागा नव्हे.

पोलिसांकडून लेखी विचारणा आली तर ती वेगळी आणि जास्त गंभीर बाब. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं याची माहिती देणं कलम 133 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. 'गाडी विकली, मला माहीत नाही' एवढ्यावर थांबू नका. खरेदीदाराचं नाव, पत्ता, विक्रीची तारीख लेखी द्या, कागद जोडा आणि पोच घ्या. अपघाताची केस असेल तर त्याच दिवशी वकील गाठा.

9. खरेदीदार सापडतच नसेल तर

त्याच्या आधारवरच्या पत्त्यावर वकिलामार्फत नोटीस पाठवा. पाकीट 'पत्त्यावर नाही' म्हणून परत आलं तर ते न उघडता जपून ठेवा, तो पुरावा आहे. मग आरटीओला अर्ज आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे' असं ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच आहे. निदान अर्जावर पोच मागा. तीही नाकारली तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा.

गाडी काळ्या यादीत टाकायची विनंती आरटीओला करता येते, पण ती अगदी शेवटी. एकदा ती नोंद पडली की गाडीचे सगळे व्यवहार थांबतात, म्हणजे तुम्हाला हवा असलेला नावबदलसुद्धा. खरेदीदार उद्या सरळ झाला तर तीच नोंद काढायला पुन्हा तुम्हीच रांगेत.

अर्जांना उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा आणि एवढंच विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली? दुसऱ्याची माहिती मागू नका, ती नाकारली जाते. स्वतःच्या अर्जाची मागा.

10. गाडी अजून विकायची असेल तर

तुम्ही सुदैवी आहात. बोजा आधी उतरवा, मग जाहिरात द्या. फॉर्मवर खरेदीदाराचं पूर्ण नाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहा. आधारच्या प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या हस्तांतरणासाठी', आणि खाली तारीख. नाव होईपर्यंत थोडी रक्कम अनामत म्हणून ठेवून घ्या, आरसीवर नाव दिसलं की परत. खरा खरेदीदार थोडी घासाघीस करून तयार होतो. जो अजिबात तयार होत नाही, तो गाडी पुढे फिरवणारा असण्याची शक्यता जास्त.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देत असाल तर तो आरटीओकडून अधिकृत झालेला आहे का ते विचारा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा व्यापाऱ्याला गाडी दिल्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये पोर्टलवर देता येते, आणि त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत तोच मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, ठरतो. 'आम्ही बघून घेऊ' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याकडे हा फॉर्म मागा आणि चेहरा बघा.

नाव बदलल्याचं दिसलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि शेरा मारलेली फॉर्म 29 ची प्रत मागून घ्या. फाइल फेकू नका. माझं नाव उतरल्यानंतर पाच आठवड्यांनी आणखी एक चलन आलं, तारीख नावबदलाच्या नऊ दिवस आधीची. तक्रारीला तीच ताबा पावती जोडली.